हेतू, उपाधी आणि लघवीचा अहवाल

लघवीच्या तपासणीच्या कागदावर प्रथिनाच्या रकान्यासमोर एक अधिकचिन्ह उमटलेले पाहून जो गृहस्थ मूत्रपिंडांचा निकाल लागला असे समजून मृत्युपत्राच्या मजकुराचा विचार करू लागतो, त्याचे दुःख वैद्यकाच्या अज्ञानापेक्षा तर्कशास्त्राच्या विस्मरणातून अधिक उपजलेले असते. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, धूम या हेतूवरून, म्हणजे खुणेवरून, अग्नीचे अनुमान ग्राह्य धरले, परंतु अग्नीवरून धूमाचे मात्र नामंजूर केले. कारण तेथे ओल्या इंधनाची उपाधी, म्हणजे न सांगितलेली जादा अट, आड येते. प्रथिनाचेही तसेच आहे: ज्वर, कठोर व्यायाम, क्वचित तरुण देहात तर नुसते उभे राहणे, एवढ्यानेही ते तात्पुरते स्रवते, आणि उभे राहण्याने स्रवलेल्याचा तर रात्रीच्या निद्रेनंतरच्या पहिल्या लघवीत मागमूसही उरत नाही.

साखरेची गोष्ट याहून उद्बोधक आहे. मधुमेह ज्यात मोडतो त्या प्रमेहाचे २० प्रकार सांगणाऱ्या चरकसंहितेने लघवीकडे धावणाऱ्या मुंग्यांची साक्षही मान्य केली. पण रक्तातील शर्करा डेसिलिटरमागे सुमारे १८० मिलिग्रॅमची सीमा ओलांडीपर्यंत सामान्यतः लघवीत उतरत नाही, आणि उलट गर्भवतीच्या लघवीत, रक्तशर्करा यथास्थित असताही, ती सापडू शकते. म्हणजे तिचा अभाव हा निर्दोषतेचा दाखला नव्हे, नि तिचा आढळ हा रोगाचा पुरता पुरावा नव्हे.

यावरून असले कागद केराच्या टोपलीत टाकावेत म्हणणारे संशयवादी मला भित्र्या गृहस्थाहून अधिक आळशी वाटतात. पुनःपुन्हा तपासूनही टिकणारे प्रथिन मूत्रपिंडाच्या विकाराची फिर्याद घेऊन आलेले असू शकते. आणि वेदनेवाचून उघड दिसलेले रक्त, ते एकदाच का दिसेना, मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शक्यतेमुळे वैद्याकडून रीतसर चौकशीस पात्र असते.