छात्रालयातला उलटा चोर

अंमळनेरच्या शाळेच्या छात्रालयात एक उलटा चोर येत असे. मुलं वर्गात गेली की तो खोल्यांत शिरायचा आणि काहीही न नेता निघून जायचा. मुलं परत येत तेव्हा जमीन झाडलेली असे, कोपऱ्यात बोळा करून फेकलेले सदरे धुऊन दोरीवर वाळत असत आणि कंदिलाच्या काचेवर काजळीचा ठिपकाही नसे.

ही गोष्ट साधारण शंभर वर्षांपूर्वीची. खानदेशाचे तेव्हा पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे होते. एकाचं ठाणं जळगाव, दुसऱ्याचं धुळे. अंमळनेर पूर्वेत. प्रताप शेठजींची गिरणी गावात होती, तत्त्वज्ञान मंदिर होतं, आणि तापी खोऱ्यातून जाणाऱ्या रेल्वेमुळे दोन्ही जिल्ह्यांतली मुलं शिकायला इथे येत. छात्रालय खरं आहे. तिथले साने सर, म्हणजे पुढे महाराष्ट्राचे साने गुरुजी, १९२४ ते १९३० या शाळेत शिक्षक होते, हेही खरं. मुलांच्या पाठीमागे त्यांच्या खोल्या झाडणं, कपडे धुणं, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणं, हेही त्यांना ओळखणाऱ्यांनी सांगून ठेवलेलं आहे. पुढच्या गोष्टीतली दोन मुलं मात्र माझी. त्यांच्यासोबत जे घडतं तेही माझंच. बोधकथेला एवढी मोकळीक असते.

पहिला मुलगा यावलकडचा. घरी केळीचा बाग, विहिरीवर मोट, मागेपुढे माणसं. आयुष्यात त्याने पांघरुणाची घडी घातलेली नव्हती. पहिल्या दिवशी स्वच्छ खोली पाहिली तेव्हा त्याला वाटलं, गडी चांगला आहे. त्याने गड्याच्या हातावर एक आणा ठेवला. गडी म्हणाला, ‘कशाबद्दल? मी तर वर फिरकलोसुद्धा नाही.’ मुलगा चक्रावला. दोन दिवसांनी डोकं दुखतं म्हणून शाळेतून लवकर आला आणि जिन्याच्या आडोशाला बसून राहिला.

सर आले. खोलीत शिरले. खाली बसून त्यांनी राखेने कंदिलाची काच घासली, फुंकर मारली, उजेडाकडे धरून पाहिली, आणि एका बाजूला डाग राहिला होता म्हणून पुन्हा घासली. त्या दुसऱ्यांदा घासण्याने मुलाचा चेहरा उतरला. तो आत गेलाच नाही. मागच्या दाराने निघाला आणि बोरी नदीच्या काठी जाऊन बसला.

आता इथे गोष्ट संपवायची रीत आहे. मुलाला लाज वाटली, दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःची खोली स्वतः झाडू लागला, तात्पर्य अमुक. पण चांगलं वागायचं ठरवलेला मुलगा किती उपद्रवी असतो, हे ज्यांनी घरात पाहिलं आहे त्यांना माहीत आहे.

त्याने सगळ्यांना आनंदी करायचा चंग बांधला. आधी सरांना. घरून आलेल्या केळीच्या घडातल्या उत्तम फण्या काढून त्याने त्यांच्या खोलीत ठेवल्या. संध्याकाळच्या आत त्या लहान मुलांच्या पोटात गेल्या होत्या. सर स्वतः एक तरी खातील, निदान कोणी आणल्या म्हणून विचारतील, असं त्याला वाटलं होतं. त्यांनी विचारलं नाही. मग तो मित्रांकडे वळला. त्यांच्या खोल्या झाडू लागला, पण दारं आपटत, खराटा वाजवत, ‘अरे, किती घाण करून ठेवता!’ असं ओरडत. एकाच्या वह्या भलत्याच फळीवर गेल्या. दुसऱ्याने जपून ठेवलेला चिंचोक्यांचा डाव कचऱ्याबरोबर उकिरड्यावर पडला. आठवडाभरात मुलांनी हात जोडले, ‘बाबा, आमची घाण आम्हाला राहू दे.’ त्याने वडिलांना पत्र लिहिलं, त्यात स्वतःच्या सेवेचं वर्णन दीड पान होतं.

मग त्याच्या खोलीतला मुलगा आजारी पडला. हा दुसरा मुलगा शिंदखेड्याकडचा, कोरडवाहू शेतकऱ्याचा, अबोल. घरी अहिराणी बोलायचा. शाळेत बोलायला गेला की वर्ग हसायचा, म्हणून त्याने बोलणंच कमी केलं होतं. हिवताप भरला होता. यावलकराला आयतीच संधी मिळाली. त्याने डिंकाचे लाडू आणले, दूध आणलं, कोयनेलची कडू पूड गिळायला लावली. ‘खा, खाल्लं नाही तर ताकद कशी येईल?’ असं तासातासाला बजावलं. आजारी मुलगा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. लाडूंना मुंग्या लागल्या. यावलकराच्या मनात आलं, काय कृतघ्न आहे!

रात्री सर आले. पायथ्याशी बसले, पाय चेपू लागले. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग आजारी मुलगाच हळूहळू बोलू लागला, त्याच्या बोलीत. गाय व्यालेली असेल, पाडी झाली की गोऱ्हा कोण जाणे. आजीला दिसत नाही, तिला विहिरीवर कोण नेत असेल. मळ्यातलं निंबाचं झाड. सर कोकणातले, पालगडचे. त्यांना निम्मं कळत असेल, निम्मं नसेलही. ते फक्त ‘मग?’ एवढंच विचारत होते. मुलगा बोलत राहिला. पलीकडच्या खाटेवर यावलकर डोळे मिटून जागा होता. याला आजी आहे, हे त्याला त्या रात्री कळलं. सहा महिने दोघं एका खोलीत राहत होते.

दुसऱ्या दिवशी त्याने लाडू आणले नाहीत. खाटेजवळ बसला, घसा खाकरला आणि जन्मात पहिल्यांदा अहिराणी बोलला. ‘तुना घर कोण कोण शे?’ यावलकडची लेवा बोली निराळी, त्यामुळे हेल पार चुकला. आजारी मुलगा वळला. त्याच्याकडे पाहिलं आणि खो खो हसला. हसता हसता खोकला. म्हणाला, ‘तू नको बोलू रे, भाषा मरी जाई!’ मग त्याने हेल दुरुस्त करून दिला. यावलकराने पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकला. दिवेलागणीपर्यंत हाच धंदा चालला. शेवटी आजारी मुलगा म्हणाला, ‘घरनी याद ई राहिनी. कळण्यानी भाकर भेटी का?’ ज्वारी-उडदाची ती भाकरी आणि तिखट ठेचा हिवतापात द्यावा की नाही, याबद्दल वैद्यांचं काय मत पडेल ते पडो. थोडी दिली. त्याने ती चाटूनपुसून खाल्ली.

इथे जरा थांबून एक सांगायला हवं, कारण गुरुजींबद्दल एक गोड गैरसमज आहे. ते सगळ्यांना खूश ठेवणारे होते, असं आपण धरून चालतो. तसे ते नव्हते. छात्रालयासाठी रोज हाताने दैनिक लिहून काढणारा हा माणूस १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात गेला, तेव्हा त्याच मुलांना सोडून गेला. मे १९४७ मध्ये पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी दहा दिवस उपोषण केलं, तेव्हा तर किती जण त्यांच्यावर संतापले. माणसाला बरं वाटावं म्हणून झटणं आणि कुणाची नाराजी ओढवू नये म्हणून जपणं, ही दोन टोकं आहेत. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला आपण फार वेळा पहिल्या प्रकारचा समजतो.

खरी घडलेली आणखी एक गोष्ट धुळ्याच्या तुरुंगातली. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२, अठरा रविवार, विनोबा भावे तिथल्या कैद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतलं. आज ‘गीता प्रवचने’ भारताच्या बहुतेक भाषांत आहे. पुस्तकावर नाव विनोबांचं, आणि ते तसंच हवं. लिहून घेणाऱ्याने आपलं एखादं वाक्य मध्ये घुसवायचा मोह टाळायचा असतो. गुरुजी स्वतः मोठे लेखक, वर्षभरातच नाशिकच्या तुरुंगात ते ‘श्यामची आई’ लिहिणार होते. त्यांना तो मोह किती झाला असेल! मला तरी हे लिहून घेणं आणि खाटेशी बसून ‘मग?’ म्हणणं एकाच माणसाचं काम वाटतं.

गोष्ट पुरी करू. पुढच्या आखाजीला यावलकर घरी गेला. खानदेशात आखाजी म्हणजे सासुरवाशिणींचा सण. निंबाला झोके बांधलेले, खापरावर मांडे, आमरस, रात्रभर गाणी. त्याची मोठी बहीणही माहेरी आली होती. घरात सगळ्यांनी तिचं कौतुक मांडलं होतं. आईने लुगडं घेतलं, काकूने बांगड्या भरायला बोलावलं, आत्याकडे जेवण, मैत्रिणींचा झोक्यासाठी धोशा. ती हसून सगळ्यांना हो म्हणत होती आणि पोळ्या लाटायलाही बसत होती. दुपारी भावाने तिला परसात गाठलं.

‘ताई, तुले काय पायजे?’

‘काही नाही रे.’

तो उठला नाही. तिथेच बसून राहिला. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, ‘मले झोपायचंय. तिकडे चारला उठावं लागते. आल्यापासून एक दुपार आडवी नाही झाले.’

त्याने माजघरातली खाट ओढली, खिडकीला गोधडी टांगली, बहिणीला आत घातलं आणि स्वतः उंबऱ्यात ठाण मांडलं. अर्ध्या तासात आत्या आली, नटूनथटून, जेवायला न्यायला.

‘ताई झोपेल हाये,’ तो म्हणाला.

‘आखाजीच्या दिवशी? उठव तिले! माणसं ताटावर बसेल आहेत.’

‘सांजी या, आत्या.’

आत्याने त्याच्या आईला हाक मारली. आई हात पुसत आली, तिनेही समजावलं, मग दटावलं. तेवढ्यात झोक्यावरच्या मुली आल्या, त्यांच्यामागून बांगड्यावाला आला. अंगणात बाजार भरला. आत्या म्हणाली, शहरात शिकायला घातलं आणि पोरगं माणसं ओळखेनासं झालं, माझ्या घरी आता पाय ठेवू नको म्हणावं. मुलगा उंबऱ्यातून हलला नाही. वडील बागेतून आले तेव्हा त्यांनी आधी आत्याची बाजू घेतली, कारण ती त्यांची सख्खी बहीण होती. मग त्यांनी आत डोकावून पाहिलं, बाहेर आले आणि मोठ्याने म्हणाले, ‘अरे, हळू बोला जरा!’

आत्या रागाने निघून गेली. तिचा रुसवा काढायला पुढे दोन दिवाळ्या लागल्या.