ईश्वर न मानणाऱ्याचे अध्यात्म

वृद्ध मातेचा हात धरून दर्शनरांगेत तासन्‌तास उभा राहणारा, परंतु गाभाऱ्यासमोर स्वतः हात न जोडणारा पुत्र प्रत्येक तीर्थक्षेत्री आढळतो. सोबतच्या भाविकांना ते खटकते. अशा मनुष्यास अध्यात्म लाभू शकते काय?

‘अध्यात्म’ म्हणजे आत्म्याविषयीचे. आस्तिक-नास्तिक हा भेदही दर्शनपरंपरेने ईश्वरावरून नव्हे, तर वेदप्रामाण्यावरून केला. म्हणूनच सांख्यदर्शन आस्तिक गणले जाते; आणि ईश्वरकृष्णाच्या (नाव लक्षात घ्यावे!) सांख्यकारिकेत मात्र जगत्कर्त्या ईश्वरास स्थान नाही. पुरुष आणि प्रकृती यांचा विवेक हाच तेथे मोक्षमार्ग. पतंजलींनी ईश्वरप्रणिधान सांगितले, तेही ‘वा’, म्हणजे ‘किंवा’, हा शब्द योजून.

परंतु शास्त्रात मान्य असलेले व्यवहारात मानणे कठीण असते. आंध्रातील निरीश्वरवादी समाजसेवक गोरा यांनी अस्पृश्यतानिवारणासाठी आयुष्य वेचले आणि स्वतःच्या कन्येचा विवाह दलित तरुणाशी ठरविला. हा विवाह सेवाग्राम आश्रमात व्हावयाचा होता. ज्यांना ईश्वरच मान्य नाही, त्यांच्या घरच्या विवाहात ईश्वराचे नाव कसे घ्यावे? अखंड रामनाम घेणाऱ्या महात्मा गांधींनी ईश्वराच्या जागी सत्याचे नाव घेण्यास संमती दिली. त्यामुळे त्यांची श्रद्धा उणावली, असे कोण म्हणेल? जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली. तरीही मार्चमध्ये तो विवाह ठरल्याप्रमाणे सेवाग्रामलाच पार पडला.