फौजेची सून

महादजी शिंद्यांचे कवायती कंपू उभे करणारा डी बॉईन आपल्याला पाटण आणि मेडत्याच्या लढायांमुळे ठाऊक असतो. त्याच्या संसाराची चौकशी आपण सहसा करत नाही. सव्हॉयमधल्या शांबेरी गावचा हा माणूस हिंदुस्थानात आला, शिंद्यांच्या चाकरीत गबर झाला, आणि इथेच त्याने नूर नावाच्या मुसलमान स्त्रीशी घर केले. बानू आणि अली बक्ष अशी दोन मुले झाली. महादजी 1794 मध्ये वारले. दोन-अडीच वर्षांनी डी बॉईन नोकरी सोडून निघाला तो बायकामुलांना घेऊनच, आणि 1797 मध्ये सगळे लंडनला पोचले. नूरची हेलेन झाली, बानूची अ‍ॅन, अली बक्षचा चार्ल्स अलेक्झांडर.

पुढच्याच वर्षी, सत्तेचाळिसाव्या वर्षी, डी बॉईनने एका फ्रेंच उमरावाच्या कोवळ्या मुलीशी, आदेल दॉस्मोंशी, दुसरे लग्न केले. हिंदुस्थानातला निकाह युरोपात त्याला आडवा आला नाही. हेलेनला तनखा मिळत राहिला आणि तिने उरलेली पन्नासहून अधिक वर्षे इंग्लंडमध्येच काढली. 1853 मध्ये ती वारली, ससेक्स परगण्यातल्या हॉर्शमच्या चर्चच्या आवारात तिचे थडगे आहे. मुलाला मात्र बापाने पुढे शांबेरीला बोलावून घेतले. काउंट ही पदवी आणि इस्टेट त्याच्याकडे गेली. अली बक्ष सरदार झाला, त्याची आई परदेशात परकीच राहिली.

डी बॉईनच्या नीतीवर निवाडा द्यायला मी ही गोष्ट काढलेली नाही. त्याच्यासारखी माणसे सगळ्याच फौजांत होती. पण सैनिक जेव्हा परमुलखातली बायको करतो तेव्हा पुढे काय होते, याचा नमुना या एका घरात सापडतो. प्रश्न बायकोपाशी सुरू होतो आणि सुटतो किंवा चिघळतो तो मुलापाशी. नवरा असा वागला तर आपण त्याला नावे ठेवतो. राज्य असेच वागते तेव्हा त्याला धोरण म्हणतात.

गोवा 1510 मध्ये जिंकल्यावर अल्बुकर्कने आपल्या शिपायांना स्थानिक बायकांशी लग्ने करायला उत्तेजन दिले, घरे दिली, जमिनी दिल्या. त्याला वस्ती हवी होती आणि पोर्तुगालहून बायका आणून ती होणार नव्हती. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने तर दरपत्रकच काढले. 1687 मध्ये लंडनच्या संचालकांनी मद्रासला लिहिले की, शिपायांनी स्थानिक बायकांशी लग्ने करावीत आणि अशा लग्नातल्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी आईला एक पगोडा, म्हणजे सोन्याचे एक नाणे, द्यावे. किल्ल्यात शिपाई कमी होते आणि मुले पुढे शिपाई होणार होती.

शंभर वर्षांत कंपनी व्यापारी राहिली नाही, राज्यकर्ती झाली, आणि हिशेब उलटला. 1791 मध्ये आईबापांपैकी कुणी हिंदी असेल तर कंपनीच्या मुलकी, लष्करी आणि आरमारी नोकरीची दारे बंद झाली. चार वर्षांनी सैन्यात अशा मुलांसाठी ढोल, बासरी, बँड आणि घोड्यांचे नाल एवढेच उरले. पूर्वी ज्या मुलासाठी आईला सोने दिले जाई, त्याच मुलाच्या हाती आता ढोल आला.

यातलाच एक जेम्स स्किनर. बाप स्कॉटिश अधिकारी, आई राजपूत. कंपनीत जागा नाही म्हणून तो शिंद्यांच्या फौजेत, डी बॉईनने उभ्या केलेल्या कंपूंत लागला. 1803 मध्ये इंग्रज-मराठा युद्ध पेटले तेव्हा डी बॉईनच्या जागी आलेल्या पेराँने इंग्रज रक्ताच्या अधिकाऱ्यांना काढून टाकले. कंपनीला जो पुरेसा इंग्रज वाटला नव्हता, तो शिंद्यांकडे फार इंग्रज ठरला! मग इंग्रजांच्या जनरल लेकने त्याला घोडदळ उभारायला दिले. गरज पडली की रक्त आपोआप शुद्ध होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर हाच खेळ अमेरिकेने कायद्याच्या भाषेत मांडला. लाखो सैनिक परदेशात होते, हजारोंनी लग्ने केली होती. 28 डिसेंबर 1945 च्या कायद्याने सैनिकांच्या परदेशी पत्नींना आणि मुलांना स्थलांतरितांच्या कोट्याच्या बाहेर प्रवेश मिळाला. महिन्याभरात साउथॅम्प्टनहून ‘अर्जेंटिना’ नावाचे जहाज साडेचारशेवर नववधू आणि पावणेदोनशेच्या आसपास मुले घेऊन न्यूयॉर्कला निघाले. वर्तमानपत्रांनी फोटो छापले, बँड वाजले. पण हे दार वंशाची अट पाळून उघडले होते. जपानी मुलीला त्यातून आत येता येत नव्हते. 1946 च्या जुलैत नवा कायदा होईपर्यंत हिंदी माणसालाही वंशामुळे अमेरिकेचे नागरिकत्व मिळत नव्हते. त्यामुळे युद्धकाळात मुंबई-कलकत्त्यात मुक्कामाला असलेल्या एखाद्या अमेरिकन शिपायाने इथल्या मुलीशी लग्न केले असते, तर कायद्याच्या लेखी ती सून ठरलीच नसती.

गोऱ्या सुनांचेही सगळे सुरळीत नव्हते. एलेन क्नाउफ जर्मनीत जन्मली, नाझींमुळे देशोधडीला लागली. युद्धात ती ब्रिटिश हवाई दलाच्या महिला विभागात होती, नंतर जर्मनीतल्या अमेरिकन लष्करी प्रशासनात नोकरीला लागली. तिथे तिने एका माजी अमेरिकन सैनिकाशी वरिष्ठांची रीतसर परवानगी घेऊन लग्न केले. ऑगस्ट 1948 मध्ये ती न्यूयॉर्कला उतरली आणि बंदरावरच अडवली गेली. देशाला धोका आहे, कारण गुप्त आहे, सुनावणी मिळणार नाही. सुप्रीम कोर्टाने 1950 मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी सरकारची बाजू घेतली: परक्या माणसाला आत न घेण्याचा सरकारचा अधिकार कोर्ट तपासत बसणार नाही. वर्तमानपत्रे आणि लोकप्रतिनिधी मागे लागले, अखेर सुनावणी झाली आणि 1951 च्या अखेरीस ती आत आली. परवानगी देणारे लष्कर आणि अडवणारे खाते एकाच सरकारचे होते, हे या प्रकरणातले मला सर्वांत बोलके वाटते. लष्कराने लग्नाला हरकत नसल्याचे सांगितले होते. सून घरात घेऊ, असे कुणीच म्हटले नव्हते.

मुलांची कहाणी याहून बिकट. लग्नातून झालेल्या मुलाला जपानचे नागरिकत्व 1985 पर्यंत बापाकडूनच मिळे. ओकिनावात अमेरिकन तळ, बाप अमेरिकन, आई जपानी. आईकडून नागरिकत्व मिळायचे नाही, आणि बापाने कागद केले नाहीत किंवा तो त्याच्या देशाच्या अटींत बसला नाही, तर तिकडूनही नाही. अशी कुठल्याच देशाची नसलेली मुले तिथे शाळेत जात होती. अमेरिकेचा कायदा तर उघडच सांगत होता की, परदेशात लग्नाबाहेर झालेल्या मुलाची आई अमेरिकन असेल तर नागरिकत्व जवळजवळ आपोआप, बाप अमेरिकन असेल तर मूल अठरा वर्षांचे होण्याआधी पितृत्वाचे कागद करायला हवेत. 1969 मध्ये सायगावला जन्मलेला, पाचव्या-सहाव्या वर्षापासून अमेरिकेत बापाजवळ वाढलेला एक मुलगा याच अटीवर अडला. त्याचा खटला 2001 मध्ये सुप्रीम कोर्टात पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला गेला. त्या निकालात एक आकडा येतो: 1969 मध्ये अमेरिकेच्या सैन्यात 34 लाख 58 हजारांवर माणसे होती, आणि त्यांत स्त्रिया 40 हजारांहूनही कमी. तरुण पुरुष इतक्या मोठ्या संख्येने परदेशात असताना त्यांची मुले आपोआप नागरिक कशी मानायची, अशी ती काळजी. फौज परदेशी पाठवण्याचा निर्णय राज्याचा, आणि त्या निर्णयाची किंमत अठराव्या वाढदिवसाच्या आत कागद न मिळालेल्या मुलाने मोजायची!

उलट टोकाचे उदाहरण दक्षिण कोरियाचे. तिथे प्रत्येक धडधाकट तरुणाला सैन्यात जावे लागते, पण मिश्र वंशाच्या मुलांना दीर्घकाळ त्यातून वगळत. हा उपकार नव्हता. बराकीत हा वेगळा चेहरा नको, एवढाच त्याचा अर्थ होता. दरम्यान खेड्यांतल्या शेतकऱ्यांना मुली मिळेनात, दलालांमार्फत व्हिएतनाम-फिलिपिन्सच्या मुली सुना म्हणून येऊ लागल्या, आणि देशाचा जन्मदर कोसळत गेला. सैन्यासाठी मुले कमी पडणार हे दिसू लागले. 2011 पासून ती सूट गेली. त्याच सुमारास सैनिकाच्या शपथेतला वंशावरच्या निष्ठेचा उल्लेखही काढण्यात आला. व्हिएतनामी आईचा मुलगा आता बंदूक घेऊन सीमेवर उभा राहतो. त्याला बरोबरीचा मान मिळाला, यात शंका नाही. पण तो मान लोकसंख्येच्या तक्त्यातून आला, हे विसरायचे कशाला?

आपण यातून वेगळे आहोत असे मानायचे कारण नाही. परदेशात जन्मलेल्या मुलाला भारताचे नागरिकत्व 1992 च्या डिसेंबरपर्यंत फक्त बापाकडून मिळत असे. परदेशी माणसाशी लग्न करून तिकडे बाळंत झालेल्या मराठी मुलीचे मूल तिचा देश आपले मानत नव्हता. आपल्या सैन्यातल्या अधिकाऱ्यालाही परदेशी जोडीदाराशी लग्न करायचे तर आधी सरकारची परवानगी लागते. ती अट गैर आहे असे मी म्हणणार नाही. गुपिते सांभाळणाऱ्याच्या घरात कोण येते, हे पाहण्याचा हक्क सरकारला असावा. माझा आक्षेप एवढाच की, ही चौकशी लग्नाच्या दिवशी संपत नाही आणि तिचा उरलेला भाग मुलाच्या वाट्याला येतो.

अमेरिकेतल्या मराठी घरांत हा विषय आता दारात येऊन ठेपला आहे. ग्रीन कार्ड असलेल्या अठरा ते पंचवीस वयाच्या मुलाचे नाव तिथे सक्तीच्या भरतीच्या यादीत असावे लागते. सक्तीची भरती 1973 पासून बंद आहे, तरी यादी आहेच. 2009 पासून काही वर्षे अमेरिकेच्या सैन्याने हिंदी, पंजाबी, तमिळ अशा भाषा येणाऱ्या तरुणांना ग्रीन कार्डाशिवाय थेट भरती करून झटपट नागरिकत्व दिले. 2016 मध्ये ते दार बंद झाले, पण तोवर बरीच भारतीय मुले गणवेशात गेली होती. तिथेच जन्मलेली आपली मुले कॉलेजची फी लष्कराने भरावी म्हणूनही जातात. त्यांची लग्ने जमवताना इकडचे लोक पगार विचारतात, घर स्वतःचे की भाड्याचे ते विचारतात, गोत्रही विचारतात. तो राखीव दलात आहे का, नेमणूक कुठे आणि किती महिने, मूल तिसऱ्या देशातल्या तळावर झाले तर त्याचे कागद कोण करणार, हे विचारणारा मामा मला अजून भेटलेला नाही.

आणि भारताचा एक नियम तर बहुतेकांना व्हिसाचा अर्ज भरतानाच कळतो. परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या माणसाला ओसीआय कार्ड, म्हणजे व्हिसाशिवाय भारतात ये-जा करण्याची मुभा, मिळत नाही, मग त्याची पणजी नाशिकची असो की बायको. म्हणजे अमेरिकन फौजेतल्या तरुणाने इथल्या मुलीशी लग्न केले आणि तिने भारताचा पासपोर्ट ठेवला, तर एका घरात तीन दर्जे होतात. बायको नागरिक, मूल ओसीआयला पात्र, आणि बाप परका. उन्हाळ्यात आजोळी जायचे ठरले की मायलेकरे तिकीट काढून मोकळी होतात. तो आधी आपल्या लष्कराकडे रजा आणि परदेशप्रवासाची परवानगी मागतो, मग बायकोच्या देशाकडे व्हिसा.