माळ्यावरची रेकॉर्ड कुणाच्या भरवशावर?

मुंबई-नाशिक महामार्गावरचं पडघा आता गोदामांमुळे ओळखलं जातं. वीज खात्यातल्या माणसाला मात्र ते वेगळ्या कारणाने ठाऊक असतं. चंद्रपूरहून ७५२ किलोमीटरचा पल्ला गाठून ५०० किलोव्होल्टची डीसी वीज १९९९ पासून इथे येते आणि इथल्या केंद्रात तिची घरात लागणारी ५० हर्ट्‌झची एसी होते. तबकडी चांगली की स्ट्रीमिंग, या शौकिनांच्या वादाला सुरुवात करायला ही जागा चांगली आहे.

कारण बऱ्याच टर्नटेबलची मोटर विजेच्या ५० हर्ट्‌झशी बांधलेली असते. त्याचे ४९ झाले, की तबकडी दोन टक्के सावकाश फिरते आणि सूर अर्ध्या स्वराच्या जवळपास एक-तृतीयांशाने उतरतो. तयार कानाला हे लगेच खटकतं. वेग तपासण्यासाठी काही टर्नटेबलांच्या थाळीच्या कडेला ठिपके असतात. निऑनच्या दिव्यात ते स्थिर दिसले, की वेग बरोबर. गंमत अशी, की तो निऑन थेट त्याच विजेवर लागत असेल, तर मोटर आणि दिवा दोघेही मिळून चुकतात. सूर उतरतो आणि ठिपके जागचे हलत नाहीत! मोबाइलला हा जाच नाही. त्याची वेळ आतला स्फटिक सांभाळतो.

आवाजाच्या बाबतीत तबकडीची हार मान्य करायला हरकत नाही. १९८२ मध्ये बाजारात आलेली सीडी सेकंदाला १,४११ किलोबिट माहिती वाजवते. तेवढ्याच दर्जाचं ‘लॉसलेस’ गाणं अ‍ॅपल म्युझिकने २०२१ पासून जादा पैसे न घेता द्यायला सुरुवात केली. उलट एलपीची सुई मध्याकडे सरकते, तसा खाचेचा वेग घटतो आणि आवाज बिघडण्याचा धोका वाढतो. एलपीची ‘ऊब’ ज्याला आवडते त्याने ती जरूर घ्यावी, पण ती आवड आहे, पुरावा नव्हे.

तरीही तबकडी जपायला हवी, असं माझं मत आहे. त्याचं कारण कानात नाही, ताब्यात आहे.

१९०२ मध्ये ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गोहरजानचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपताच तिने स्वतःचं नाव इंग्रजीत सांगितलं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या आणि तिथल्या कारागिरांना गायिका कोण हे कळायला हवं होतं. म्हणजे नोंद खाचेतच कोरलेली! पुढच्या काळातल्या रेकॉर्डवर गायक, कधी राग, कंपनीचा क्रमांक आणि लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीत मूळ साच्याचा, म्हणजे मॅट्रिक्स क्रमांक सापडतो. साथीदारांची नावं तेव्हाही क्वचितच छापत, हे खरं. पण स्ट्रीमिंगवर जुन्या गाण्यापुढे पुनर्प्रकाशनाचं वर्ष झळकतं, रागाचं नाव चुकतं आणि खरखर काढण्याच्या नादात तंबोराही पुसट होतो. दुरुस्ती करायची, तर ताडून पाहायला मूळ तबकडीच लागते.

शिवाय दुकानच बंद झालं तर? २०२४ मध्ये रेसो आणि विंक या दोन्ही सेवा आपल्याकडे बंद झाल्या. ऐकणाऱ्याच्या हाती राहिला तो केवळ भरलेल्या पैशांचा हिशेब.

कायदा इथे आपल्या बाजूचा आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. म्हणजे २०२५ उजाडलं, तेव्हा १९६४ पर्यंत प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणं खुली झाली होती. अब्दुल करीम खाँ किंवा बालगंधर्व यांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्ड त्यातच येतात. पण कायदा हक्क देतो, प्रत देत नाही. प्रत कुणाच्या तरी माळ्यावर असावी लागते.

गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर यांचं उदाहरण घ्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर पाठवलेल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीत त्यांची भैरवी आहे. सोबत सुई आणि वाजवण्याच्या सचित्र सूचनाही आहेत. निवड झाली, तेव्हा मूळ रेकॉर्ड बाजारातून नाहीशी झाली होती. शोधाशोध केल्यावर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात तिच्या प्रती मिळाल्या. त्या प्रती कुणी रद्दीत दिल्या असत्या, तर?

मुंबईत १९९० पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने जुन्या तबकड्या जपण्याचं हेच काम धरलं. सुरेश चांदवणकरांसारख्या वैज्ञानिकाने संग्राहकांना जोडलं, ‘द रेकॉर्ड न्यूज’मधून नोंदी छापल्या. सरकारी अनुदानाची वाट पाहत बसले असते, तर त्या तबकड्या केव्हाच भंगारात गेल्या असत्या.

 दिवाळीच्या साफसफाईतून माळ्यावरच्या रेकॉर्ड वाचल्या असतील, तर त्या उभ्या ठेवा. आडव्या रचल्या की वाकतात आणि लाखेच्या असतील तर तडकतात. लेबलाचा फोटो काढा, मॅट्रिक्स क्रमांक उतरवून घ्या. जाणकाराकडून ७८साठीची जाड सुई वापरून, खरखर न काढता एक प्रत करून घ्या. नको असतील, तर संग्राहकाला द्या. रोजचं ऐकणं खुशाल मोबाइलवर होऊ द्या. मूळ प्रत मात्र घरातून भंगारवाल्याकडे जाऊ देऊ नका.