दुसऱ्याचं प्रारब्ध

मुहम्मद अलीच्या थरथरत्या हातांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "भोग असतात एकेकाचे. प्रारब्ध कुणाला चुकलंय?" बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण हौशी बॉक्सिंगच्या स्पर्धांत मी बरीच वर्षं रिंगजवळ डॉक्टर म्हणून बसलो आहे, आणि मला हे वाक्य सहन होत नाही.

२९ सप्टेंबर १९७७ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अली अर्नी शेव्हर्सशी पंधरा राउंड लढला आणि जिंकला. शेव्हर्सचा ठोसा त्या काळातल्या सर्वांत जड ठोशांपैकी एक. त्यानंतर अलीचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी त्याची मूत्रपिंडं बिघडत चालल्याचा अहवाल स्वतः अलीला, त्याच्या पत्नीला, मॅनेजर हर्बर्ट मुहम्मद यांना आणि ट्रेनर अँजेलो डंडी यांना पाठवला. एकाचंही उत्तर आलं नाही. पाचेको त्या गोतावळ्यातून बाहेर पडले. अली लढतच राहिला.

इथे तत्त्वज्ञानाचा प्रश्न उभा राहतो, आणि तो साधा नाही. देह त्याचा, कर्म त्याचं, निर्णयही त्याचाच. मग त्याला थांबवणारे आपण कोण? आसक्ती सुटायची तर ती आतूनच सुटते, बाहेरून कुणी सोडवू शकत नाही, असं आपण लहानपणापासून कीर्तनांत ऐकत आलो. मलाही ते बऱ्याच बाबतींत पटतं. पण सांख्यांनी एक गोष्ट फार सूक्ष्मपणे पाहिली होती. त्यांनी बुद्धीला पुरुषाच्या, म्हणजे नुसतं पाहणाऱ्या चैतन्याच्या, बाजूला न ठेवता प्रकृतीतच, म्हणजे देहासकट सगळ्या जड सृष्टीत, धरलं. साक्षी अलिप्त असेल, त्याला मार लागत नसेल, पण 'आता पुरे' हे ठरवायचं काम बुद्धीचं, आणि ती देहाच्याच बाजूची. बॉक्सरच्या बाबतीत हे अक्षरशः खरं आहे. निर्णय ज्या मेंदूनं घ्यायचा, ठोसे त्याच मेंदूला बसत असतात. तेव्हा 'त्याचं त्याला कळायला हवं होतं' हे म्हणणं अन्यायाचं आहे.

१९८० मध्ये लॅरी होम्सशी लढण्याआधी अलीची मेयो क्लिनिकमध्ये तपासणी झाली. बोट नाकाला लावण्याच्या चाचणीत तो किंचित चुकत होता, एका पायावर उडी मारताना अपेक्षेइतका चपळ नव्हता. अलीचं सगळं कसब डोळ्यांत आणि पायांत होतं. हात खाली सोडून उभा राहायचा आणि ठोसा आला की डोकं इंचभर मागे न्यायचा. वयाबरोबर सर्वांत आधी जातो तो हाच इंच. हातातली ताकद मात्र उशिरापर्यंत टिकते. म्हणूनच जॉर्ज फोरमन १९९४ मध्ये ४५ व्या वर्षी मायकेल मूररला एका उजव्या ठोशात पाडून पुन्हा विश्वविजेता होऊ शकला. फोरमनचं उदाहरण देऊन अलीला परवानगी देता येत नाही, दोघांची विद्याच वेगळी. तरीही मेयोच्या तपासणीचा निष्कर्ष लढतीच्या आड येणारा नव्हता, आणि नेवाडात परवाना मिळाला.

मनुस्मृतीतलं मला न पटणारं पुष्कळ आहे. पण सहाव्या अध्यायात गृहस्थानं वनाकडे केव्हा वळावं हे सांगताना सुरकुत्या, पिकलेले केस आणि नातवंड अशा खुणा दिल्या आहेत, त्यांचा मी अनेकदा विचार करतो. या खुणा मनातल्या नाहीत, चार लोकांना दिसतील अशा आहेत. होम्सशी लढायच्या आधी ३८ वर्षांच्या अलीनं आपले पांढरे केस काळे करून घेतले. थायरॉइडचं औषध अतिप्रमाणात घेऊन वजन उतरवलं. लोक म्हणाले, अली पुन्हा तरुण झाला. त्या औषधाच्या अतिरेकानं स्नायू झिजतात, छाती धडधडते, उष्मा सोसवत नाही, हे कुणीही डॉक्टर सांगेल.

२ ऑक्टोबर १९८०, लास व्हेगास. दहा राउंड झाले, त्यांतला एकही तिन्ही परीक्षकांपैकी कुणी अलीला दिला नाही. होम्स कधीकाळी त्याचाच सरावातला जोडीदार, तो मारता मारता रेफ्रीकडे पाहत होता, थांबवा म्हणून. अलीचा जिवलग बुंदिनी ब्राउन आणखी एका राउंडसाठी डंडींना विनवत होता. त्याचंही अलीवर प्रेमच होतं, यात मला शंका नाही. डंडींनी ऐकलं नाही, लढत थांबवली. लढतीनंतर होम्स रडला. तोच होम्स १९८८ मध्ये ३८ व्या वर्षी माइक टायसनसमोर उभा राहिला, चौथ्या राउंडला पडला, आणि तरीही पन्नाशी उलटेपर्यंत अधूनमधून लढत राहिला. अलीचं काय झालं हे त्याच्याइतकं जवळून कुणी पाहिलं होतं? पाहून कळतं, पण कळून सुटत नाही. सोडवायला दुसरं माणूस लागतं.

आजारपणात अली म्हणायचा की श्रेष्ठ मी नाही, तो आहे, हे लक्षात राहावं म्हणून ईश्वरानं मला हे दिलं. त्याच्या श्रद्धेपुढे मी मान तुकवतो. स्वतःच्या दुःखाला ईश्वराची देणगी म्हणा, प्रारब्ध म्हणा, तो ज्याचा त्याचा अधिकार. पण अहवाल वाचून गप्प राहिलेल्यांना, लढतीवर पैसा मिळवणाऱ्यांना आणि तिकीट काढून बसलेल्यांना तो उसना घेता येत नाही. होम्सच्या लढतीनंतर चौदा महिन्यांनी, डिसेंबर १९८१ मध्ये, बहामातल्या नसाऊला अलीला ट्रेव्हर बर्बिकपुढे पुन्हा उभं केलं गेलं आणि दहाच्या दहा राउंड होऊ दिले गेले. १९८४ मध्ये पार्किन्सन्सचं निदान जाहीर झालं.

हौशी स्पर्धांत मुलगा कॉर्नरमधून सांगतो, "सर, मी बरा आहे, एक राउंड द्या." त्याची ओढ खरी असते. मी त्याच्या डोळ्यांत टॉर्च मारतो, त्याला चार पावलं चालायला लावतो, आणि शंका असली तर लढत थांबवायला सांगतो. त्यासाठी त्याची संमती घ्यायची नसते, आणि व्यावसायिक बॉक्सिंगमध्येही ती मागितली जाऊ नये असं माझं ठाम मत आहे, समोर अली असला तरी.