टक्केवारी, डोळे आणि दैव

मोपाच्या पठारावरून ५ जानेवारी २०२३ रोजी प्रवासी विमाने उडू लागली आणि पेडणे तालुक्याचे आकाश गजबजले. तोवर गोमंतकीयांसाठी विमान म्हणजे दाबोळी. तिथे नौदलाचा ‘आयएनएस हंसा’ हा तळ आहे आणि समुद्रावर गर्जत जाणारी मिग-२९के ही लढाऊ विमाने तिथलीच. पेडण्यात किंवा डिचोलीत शिकणारे एखादे मूल वर बघून म्हणते, मला हे चालवायचे आहे. घरातून पहिला प्रश्न येतो तो टक्क्यांचा.

प्रश्न व्यवहाराचा आहे, पण त्याच्या तळाशी धर्मचिंतनातला एक जुना प्रश्न दडला आहे. एखाद्या कर्माचा अधिकार माणसाला कशामुळे मिळतो?

व्यवहाराचे उत्तर आधी पाहू. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, म्हणजे एनडीएसाठी, संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा परीक्षा घेतो. पणजीतही तिचे केंद्र असते. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हवे. बारावी उत्तीर्ण व्हावे लागते, पण किमान टक्केवारीची अट नाही. २०२१ पासून ही परीक्षा मुलीही देतात. लेखी परीक्षा ९०० गुणांची, त्यात गणिताला ३०० आणि सामान्य क्षमता चाचणीला ६००. अलीकडच्या अनेक परीक्षांत त्या ९०० पैकी तीनशे ते साडेतीनशेच्या आसपास गुण मिळवणारे पुढे गेले आहेत. आणखी ९०० गुण सेवा निवड मंडळाच्या हाती असतात; लेखी परीक्षेतून पुढे गेलेल्यांची ते पाच दिवस मुक्कामी चाचणी घेते. सगळ्या परीक्षेचे अर्धे वजन पाच दिवसांच्या त्या मुक्कामावर!

त्या पाच दिवसांत पाठांतर फारसे कामी येत नाही. धूसर चित्र दाखवून काही मिनिटांत गोष्ट लिहायला सांगतात. एकेक शब्द क्षणभर दिसतो आणि मनात येईल ते वाक्य लिहायचे असते. मैदानावर फळ्या, दोर आणि पिंपे देऊन गटाने अडथळे पार करायचे असतात. तिथे कोण हुकूम सोडतो, कोण दुसऱ्याला हात देतो, कोण चुकल्यावर चिडतो, हे सारे टिपले जाते. मानसशास्त्रज्ञ, मुलाखतकार आणि मैदानावरचा अधिकारी असे तिघे आपापले मत स्वतंत्रपणे ठरवतात.

हवाई दलाचे बोधवाक्य गीतेच्या अकराव्या अध्यायातले आहे. वैमानिक होऊ पाहणाऱ्याने मात्र अठरावा अध्याय आधी वाचावा. तिथे कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, करण म्हणजे साधने, चेष्टा म्हणजे प्रयत्न आणि पाचवे दैव. एवढी पाच कारणे असताना जो फक्त स्वतःला कर्ता मानतो त्याला नीट दिसत नाही, असेही तिथे लगेच म्हटले आहे. निवड मंडळाच्या मैदानावर परीक्षा होते ती कर्त्याची. गुणपत्रिका फार तर करणांविषयी काही सांगते, आणि तेही अपुरे.

ग्रुप कॅप्टन वरुण सिंग यांचे पत्र या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखे आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी उड्डाणात त्यांच्या तेजस विमानाचे नियंत्रण सुटले. विमान सोडून बाहेर पडण्याची मुभा असतानाही त्यांनी ते सुखरूप उतरवले आणि त्यासाठी त्यांना शौर्यचक्र मिळाले. त्यानंतर, सप्टेंबर २०२१ मध्ये, त्यांनी चंडीमंदिरच्या आपल्या जुन्या शाळेच्या प्राचार्यांना लिहिले की आपण अगदी सामान्य विद्यार्थी होतो, बारावीत प्रथम श्रेणी कशीबशी मिळाली, खेळातही चमक नव्हती; विमानांची ओढ मात्र होती. त्याच वर्षी ८ डिसेंबरला कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचे हेलिकॉप्टर कोसळले. त्यातून वरुण सिंग एकटेच वाचले होते. १५ डिसेंबरला त्यांनीही प्राण सोडला.

हे पत्र ‘टक्के गेले तरी काही बिघडत नाही’ असे सांगण्यासाठी सर्रास वापरले जाते. तो त्या माणसावर अन्याय आहे. ज्यात मन रमते त्यात सर्वस्व ओतावे, आणखी प्रयत्न करता आले असते अशी खंत घेऊन झोपू नये, असे त्यांनी मुलांना बजावले होते. चेष्टा ती हीच. डिचोली तालुक्याला हे नव्याने सांगायला नको. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत अग्निदिव्य करणारा भक्त, म्हणजे धोंड, आधी दिवसचे दिवस व्रत पाळतो. निखाऱ्यांवरची काही पावले हा त्या व्रताचा सर्वांत छोटा भाग असतो.

पण प्रयत्नाने सगळे मिळते, हेही खरे नव्हे, आणि मुलांना तसे सांगणे निष्ठुरपणाचे आहे. वैमानिकाची उंची किमान १६२.५ सेंटिमीटर हवी. पायांची लांबी ९९ ते १२० सेंटिमीटरच्या आत हवी, कारण कॉकपिट कोणाच्या जिद्दीप्रमाणे लहानमोठे होत नाही. रंगदृष्टी निर्दोष लागते. वैमानिक निवडीची संगणकीय चाचणी आयुष्यात एकदाच देता येते; तिच्यात नापास झालेल्याला ती पुन्हा देता येत नाही. दैव म्हणजे नेत्रादी इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता, असा अर्थ शंकराचार्यांनी केला आहे. रंगदृष्टीच्या तपासणीत बाद झालेल्या मुलाला हा अर्थ कोणत्याही उपदेशापेक्षा जास्त धीर देईल. त्याच्या कर्त्यात खोट नव्हती. पाचवे कारण अनुकूल नव्हते. आणि निवड झालेल्याने तोच अर्थ ध्यानी धरला तर त्याला गर्व शिवणार नाही.

म्हणून टक्केवारीला अधिकाराचा निकष मानणारे चुकतात, आणि सारे श्रेय जिद्दीला देणारेही चुकतात. गुण कमी पडले तर पुन्हा अभ्यास करता येतो. देहाची मोजमापे बदलता येत नाहीत. बदलता न येणाऱ्या गोष्टींची लाज वाटायला नको, आणि बदलता येणारी गोष्ट हातातून जाऊ द्यायला नको.

ती जाते बहुधा दहावीनंतर. कमी टक्के पडले म्हणून मुलाला कला शाखेत घातले की एनडीएतून वैमानिक होण्याची वाट बंद होते. भूदलाची तेवढी उरते. पदवीनंतर हवाई दलाची एएफकॅट परीक्षा असते. पण उड्डाण शाखेसाठी तिथे पदवीला ६० टक्के लागतात, आणि बारावीच्या गणित-भौतिकशास्त्रात प्रत्येकी किमान ५० टक्केही. टक्केवारी न विचारणारे दार आधी येते आणि साडेएकोणिसाव्या वर्षी मिटते. पेडणे-डिचोलीतल्या पालकांनी आणि शिक्षकांनी दहावीच्या निकालादिवशी एवढे करावे: विमानाकडे डोळे लावून बसलेल्या मुलाचे, मुलीचे गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र सुटू देऊ नये, आणि डोळ्यांची तपासणी त्याच महिन्यात करून घ्यावी.