सूर्य मावळल्यावर

वेताळ टेकडीवरून खाली सेनापती बापट रस्ता उजळत चालला होता. मामा तारापूरच्या अणुकेंद्रातून निवृत्त. भाची सोसायट्यांच्या गच्च्यांवर सोलर बसवते.

मामा : तुझ्या पॅनेलांची पाळी संपली. आता खालचे एसी कोण चालवतंय?

भाची : ग्रिड.

मामा : म्हणजे चंद्रपूरचा कोळसा, कोयनेचं पाणी, थोडी अणुवीज. तुझं गिऱ्हाईक दुपारी वीज देतं आणि रात्री मागतं. साठवायची कोणी?

भाची : मावळात शिरवट्याला 1800 मेगावॉटचा प्रकल्प ठरलाय, दुपारी पाणी वर चढवायचं, रात्री खाली सोडायचं. घाटघरला तसा 250 चा आहेच. तुमची जैतापूरची अणुभट्टी कधी उभी राहणार? तिच्याच जातीची फ्रान्समधली फ्लामांविल 2007 ला बांधायला घेतली, ग्रिडला जोडली डिसेंबर 2024 मध्ये. तोवर कोळसाच ना?

मामा : हो, तोवर कोळसाच.

(पुणेरी वादात एवढं शांत उत्तर म्हणजे निम्मी कबुली.)

मामा : पण पावसाळ्यात आभाळ भरलं की?

भाची : तेव्हाच चाळकेवाडीच्या पवनचक्क्या जोरात फिरतात.

मामा : आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात, संध्याकाळी, वारा पडल्यावर?

भाची : ...ते अवघड आहे. पण म्हणून माडबनच्या लोकांच्या माथी जैतापूरचे 9900 मेगावॉट मारायचे? 2011 साली साखरी नाट्यात प्रकल्पाच्या विरोधकांवर गोळीबार झाला, माणूस गेला.

मामा : आणि मुळशी? 1921 साली सेनापती बापट तिथे धरणाविरुद्धच उभे होते. ती वीजही पाण्याची, बिनधुराची, मुंबईसाठी. जमिनी मात्र मावळ्यांच्या. तुझा शिरवटाही घाटावर जागा मागेलच.

भाची : धरण निदान रिकामं करता येतं. तुमचं जळालेलं इंधन हजारो वर्षं राखायचं. ज्यांना विचारताच येत नाही, त्यांच्या गळ्यात बांधायचं?

मामा : कोळशाचा कार्बन त्यांना विचारून सोडतो का आपण?

भाची : नाही. म्हणूनच तारापूर बंद करा असं मी म्हणत नाही. जैतापूरला मात्र आधी माडबनचा होकार हवा, आणि पुण्याने आधी आपली संध्याकाळ आवरावी.

मामा : आवरावी म्हणजे? पुढच्या सोसायटीला सांगशील, संध्याकाळी सात ते दहा विजेचा दर दुप्पट हवा म्हणून?

भाची : सांगीन. ऑर्डर जाईल.